एका ताऱ्याचा अभिप्राय

विश्रांतवाडी, पुणे
३ फेब्रुवारी २०२५

चि. उत्कर्षा,
जयभीम.

आधी एवढं वाच आणि मग बाकीचं. तुझी काकू ठीक आहे. जेवते, बोलते, मलाही बोलते. डाव्या मनगटाला प्लास्टर आहे, ते सहा आठवडे राहील.

मागच्या मंगळवारी सकाळी ती न्हाणीघरात पडली. तुला फोन केला नाही, त्याचं कारण तुला माहीत आहे. तू उचलतेस तेव्हा मला ऐकू येत नाही, आणि काकू माझ्याऐवजी ऐकायला बसते तेव्हा तू शिफ्टमध्ये असतेस. तुझे वडील श्यामसुंदर माझे चुलतभाऊ. ते भंडाऱ्याला आणि मी नोकरीपायी गावोगाव, तीस वर्षं आम्ही पत्रांवरच चाललो. त्यांच्यामागे तू ती रीत चालू ठेवलीस, याचं मला बरं वाटतं. शिवाय विश्रांतवाडीहून हिंजवडीला पत्र तीन दिवसांत पोहोचतं. माणसाची तशी खात्री देता येत नाही.

तर झालं असं. काकूच्या गुडघ्यांसाठी डिसेंबरात मोबाइलवरून एक हँडल मागवलं होतं. दोन टोकांना रबराच्या वाट्या, टाइलवर टेकवून खटका दाबायचा, की चिकटलं. भिंतीला भोक नको, प्लंबर नको. खोक्यावर छापलंय, ‘१२० किलोपर्यंत भार’. काकू चोपन्न किलोची आहे. त्या पानावर पाचपैकी साडेचार तारे होते, अकरा हजार लोकांचे अभिप्राय होते. मी चष्मा लावून दीडशे वाचले. एकही वाईट नव्हता. तेव्हाच शंका यायला हवी होती. मी जन्मभर वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, अकरा हजार लोक एकमताने खूश असलेली वस्तू मी नोकरीत कधी पाहिली नाही. पण घरी आलो की माणूस गिऱ्हाईक होतो.

दोन महिने हँडल नीट राहिलं. मंगळवारी काकूने उठताना त्यावर भार टाकला आणि ते भिंतीसकट नाही, भिंत सोडून हातात आलं.

दवाखान्यातून आल्यावर मी अभिप्राय लिहिला. एक तारा दिला आणि खाली हे:

‘हे हँडल ओल्या टाइलवरून निसटलं. माझी पत्नी पडली, मनगट मोडलं. वयस्कर माणसांच्या घरी हे घेऊ नये. रंगराव टेंभुर्णे, निवृत्त निरीक्षक.’

दोन दिवसांनी उत्तर आलं. ‘आपला अभिप्राय आमच्या मार्गदर्शक नियमांत बसत नसल्याने प्रसिद्ध करता येत नाही.’ मी ते नियम काढून वाचले, सतरा पानं आहेत. त्यांत शिवी नसावी, जाहिरात नसावी, दुसऱ्याचा फोन नंबर नसावा. माझ्या चार वाक्यांत यातलं काय आहे?

तू कॉम्प्युटरमधली. जरा सांग, माझं कुठे चुकलं. काकूचा तुला आशीर्वाद, उजव्या हाताने.

तुझा
रंगराव काका

*

हिंजवडी
९ फेब्रुवारी

आदरणीय काकाजी,
तुम्हाला आणि काकूंना जयभीम.

पत्र गुरुवारी मिळालं. काकूंना म्हणावं, प्लास्टर आहे तोवर पोळ्या करू नका, काकाजींना शिकवा. मी लगेच यायला हवं होतं. या आठवड्यात रोज दुपारी दोन ते अकरा शिफ्ट आहे, आणि एकाच वारी सुटी मिळते ती झोपण्यात जाते. ही सबब झाली, कळतंय मला.

तुमच्या अभिप्रायाबद्दल मी एका मैत्रिणीला विचारलं. ती असल्याच कामात आहे. ती म्हणाली की ‘पडली’, ‘मोडलं’ असं लिहू नये. पडणं हा वस्तूचा अनुभव धरत नाहीत, वापरणाऱ्याचा धरतात. कोणी हँडल नीट लावलं नसेल, साबण सांडला असेल, असं काहीही असू शकतं, म्हणून तो मजकूर ‘उत्पादनाशी थेट संबंध नाही’ या सदरात जातो. ‘घेऊ नये’ असंही लिहू नये, तो इतरांना दिलेला सल्ला होतो. नाव आणि हुद्दाही नको. फक्त वस्तू कशी आहे, तेवढंच लिहा. कदाचित जाईल.

आईची तब्येत बरी आहे. भंडाऱ्याला थंडी अजून आहे म्हणे. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात.

काकाजी, काकूंना पुन्हा चक्कर वगैरे आली नाही ना? खरं सांगा.

तुमची
उत्कर्षा

*

विश्रांतवाडी
१७ फेब्रुवारी

चि. उत्कर्षा,
जयभीम आणि तुझ्या मैत्रिणीला धन्यवाद.

चक्कर आलेली नाही. आधीही आली नव्हती. हँडल आलं होतं.

तुझ्या मैत्रिणीच्या सांगण्याप्रमाणे मी पुन्हा लिहिलं. ‘हँडल ओल्या टाइलवर टिकत नाही.’ परत आलं. मग वाटलं आपण एकांगी लिहितोय, म्हणून चांगली बाजूही घातली. ‘टाइल कोरडी असेल तर हँडल टिकतं. न्हाणीघरात टाइल कोरडी नसते.’ तेही परत. चौथ्यांदा फक्त ‘टिकत नाही’ एवढेच दोन शब्द लिहिले. परत. पाचव्यांदा एकही शब्द न लिहिता नुसता एक तारा दिला. उत्तर आलं, ‘मजकूर अपुरा आहे.’

काकू म्हणाली, “आता कोऱ्या कागदावर सही करून पाठवा.”

मग मी एक प्रयोग केला. पाच तारे दिले आणि लिहिलं, ‘छान.’ चहा गाळून होईपर्यंत तो अभिप्राय पानावर झळकला. अकरा हजारांत एकाची भर पडली.

आधी हसू आलं. मग आलं नाही. त्या पानाच्या तळाशी लोक प्रश्न विचारतात. तिथे कुणीतरी विचारलंय, ‘वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना चालेल का?’ त्याखाली कुणाचं तरी उत्तर आहे, ‘हो, एकदम मजबूत.’ मी त्याला उत्तर लिहिलं, ‘नको.’ तेही परत आलं. म्हणजे त्या माणसाला माझा ‘छान’ दिसतोय आणि ‘नको’ दिसत नाही. मी तो ‘छान’ त्याच दिवशी पुसून टाकला. पण दोन-तीन तास तो तिथे होता. उत्कर्षा, नोकरीत माझ्या हातून हजारो तराजू गेले. खोट्या तराजूवर मी शिक्का मारला नाही, असं मी सगळ्यांना अभिमानाने सांगत आलो. या वयात, घरी बसून, चहा गाळता गाळता मारला.

मैत्रिणीला माझा एक प्रश्न विचार. हे सगळं यंत्र वाचतं की माणूस? यंत्र असेल तर माझं भांडण नाही, यंत्राशी कोण भांडणार. पण माणूस असेल, तर त्याला मला एवढंच विचारायचंय, ‘माझी पत्नी पडली’ हे वाचल्यावर त्याने पुढे काय केलं?

रंगराव काका

*

हिंजवडी
२ मार्च

आदरणीय काकाजी,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. कामाचा खूप लोड आहे. काकूंचं प्लास्टर कधी निघणार?

त्या अभिप्रायाचं आता सोडून द्या, असं मला वाटतं. या मोठ्या कंपन्या आहेत, तुमच्या एका ताऱ्याने त्यांना काही फरक पडत नाही. तुम्हाला उगाच मनस्ताप. मैत्रिणीला विचारलं नाही, तिची टीम बदलली.

काकूंना जपा.

उत्कर्षा

*

विश्रांतवाडी
९ मार्च

चि. उत्कर्षा,

सल्ला मिळाला. पत्र लहान असल्यामुळे लवकर वाचून झालं.

तुला आमच्या पत्रांचा त्रास होत असेल तर तसं सरळ लिही. म्हातारी माणसं एका गोष्टीत अडकली की अडकतात, हे मला मान्य आहे. पण या गोष्टीत मी अडकलो नाही, काकू अडकली होती, हँडल आणि बादली यांच्या मध्ये. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यामुळे सोडून देणं जमलं नाही.

मी काय केलं ते कळवतो. ते हँडल फेकलं नव्हतं. माझ्याकडे जुना हुकाचा स्प्रिंगकाटा आहे, निवृत्तीच्या वेळी खात्यातल्या मुलांनी दिलेला. तो आधी आमच्याच जुन्या ऑफिसात नेऊन तपासून घेतला. मग आमच्या न्हाणीघरात हँडल खोक्यावर लिहिलंय तसंच बसवलं, काटा अडकवला आणि खाली ओढलं. टाइल कोरडी असताना पाच वेळा, ओली असताना पाच वेळा. कोरड्यावर बेचाळीस किलोच्या आसपास सुटलं. ओल्यावर एकदाही एकवीसच्या पुढे गेलं नाही. खोक्यावर एकशेवीस. सगळं तारीख-वेळेसह लिहून काढलंय, प्रत सोबत जोडली आहे. दहाव्या वेळी सुटलं तेव्हा मीच मागे बादलीवर बसलो. काकू म्हणाली, “आता तुमचंही प्लास्टर मी करू का?”

सोसायटीच्या लिफ्टशेजारी आणि विहाराच्या फलकावर हाच कागद लावला. आमच्या एकट्या इमारतीत तीन घरांत तेच हँडल निघालं. तिघांनीही काढलं. दुसऱ्या मजल्यावरच्या कांताबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचं तर दोन बोटांनी सुटलं. फलकाला सतरा पानी नियम नाहीत, टाचणी लागते.

शैलावहिनींचे गुडघे दुखतात असं तू मागे लिहिलं होतंस. त्यांना सांगून ठेव, असली वस्तू घेऊ नका. एवढं तरी कर.

रंगराव

*

हिंजवडी
१६ मार्च

आदरणीय काकाजी,

या पत्रात जे लिहिते आहे ते मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. पूर्ण वाचा, मग काय वाटेल ते बोला.

तशी कुठली मैत्रीण नाही. ते काम मी करते.

घरी मी ‘आयटीत आहे’ एवढंच सांगितलं होतं. आमची कंपनी त्या ऑनलाइन दुकानासाठी अभिप्राय तपासते. चार-पाच ताऱ्यांचे अभिप्राय यंत्र आपोआप सोडतं. एक-दोन ताऱ्यांचे, आणि तेही ठरावीक मोठ्या विक्रेत्यांचे असले, की माणसाकडे येतात. एका अभिप्रायाला चाळीस सेकंद. मराठी अभिप्राय पाहणारे आम्ही चौघं आहोत.

तुमचं पहिलं पत्र उघडलं आणि तुमची चार वाक्यं दिसली तेव्हा मी ती आधीच वाचलेली होती. तीस जानेवारीला. तो अभिप्राय मीच परत पाठवला होता. आमच्या पडद्यावर नाव दिसत नाही, तुम्ही खाली लिहिलेलं नावही यंत्र झाकून टाकतं. मी फक्त ‘पडली’ आणि ‘मोडलं’ हे शब्द पाहिले, सात नंबरचं कारण, ‘उत्पादनाशी थेट संबंध नाही’, निवडलं आणि पुढे गेले. तुम्ही विचारलं होतं ना, पुढे काय केलं? पुढचा अभिप्राय उघडला. तो एका मिक्सरबद्दल होता.

हे तरी अजाणता झालं. तुमचा चौथा, ‘टिकत नाही’, तोही माझ्याकडेच आला. त्याच हँडलखाली, माझ्याच सल्ल्याप्रमाणे लिहिलेला, म्हणून तेव्हा मला माहीत होतं की तो तुमचाच आहे. आमचा टीम लीड मागे उभा होता, मी अजून प्रोबेशनवर आहे, हात आपोआप गेला. ही सबब नाही. फक्त कसं झालं ते सांगते.

तुमचा दहा वेळा ओढून काढलेला कागद बुधवारी सकाळी मिळाला. सोबतच्या पत्राची शेवटची ओळ वाचली आणि लगेच आईला फोन लावला. तुमच्या पहिल्या पत्रानंतरच लावायला हवा होता. लावला नाही, कारण हँडल हा शब्दच मला तोंडात नको होता.

मी म्हटलं, “आई, बाथरूममध्ये धरायचं ते रबरी हँडल मिळतं ना, ते कधी घेऊ नको.”

आई म्हणाली, “काहून? लावलं ना मी महिन्याआधी! गुडघे लय दुखत होते. तुले सांगितलं असतं तर तू रजा टाकून आली असती.”

“तू आत्ता कुठे आहेस?”

“आंघोळीलेच चालली होती. पाणी काढून ठेवलं हाये.”

“आई, पाणी राहू दे. बाहेर उभी राहा, आणि हात लांब करून ते हँडल ओढ. जोरात.”

“अवं पण बाई…”

“आई, ओढ!”

तिने फोन खाली ठेवला. मला फक्त नळाचं टपटप ऐकू येत होतं. माझ्या पीजीच्या जिन्यात मी फोन कानाला लावून उभी होते. मग आईचा आवाज आला, हसतच आली ती. “अवं, हातातच आलं! जोर बी नाही लावला मी.”

काकाजी, मी तिथे हसले की रडले, मला सांगता येणार नाही. घरमालकीणबाई बाहेर येऊन पाणी देऊन गेल्या.

त्याच दिवशी ऑफिसला गेले आणि एक काम केलं जे कोणी करत नाही. आम्हाला अभिप्राय परत पाठवताना ‘सुरक्षा’ अशा एका खान्यातही खूण करता येते. ती केली की तो अभिप्राय वेगळ्या यादीत जातो. ती यादी मी उघडली. तिच्यात त्याच हँडलचे एक्केचाळीस अभिप्राय होते. मराठी, हिंदी, कन्नड. सगळ्यांत कोणी ना कोणी पडलेलं. सगळे परत गेलेले. यादी शेवटची कधी उघडली होती ते वर लिहिलेलं असतं. तिथे काही लिहिलेलंच नव्हतं.

वरच्यांना पाठवायचा अर्ज भरला, तुमचा कागद घेतला आणि अनिरुद्धकडे गेले. अनिरुद्ध म्हणजे आमचा तोच टीम लीड. पुण्याचाच आहे, तोलूनमापून बोलतो.

“हे काय?” त्याने विचारलं.

“एका कस्टमरचा रिपोर्ट आहे, सर.”

“कस्टमर घरात स्प्रिंगकाटा घेऊन बसतो?”

“माझे काकाजी आहेत ते. आणि पडल्या त्या माझ्या काकू. आणि ते रिजेक्ट मी केलंय.”

त्याने कागद पूर्ण वाचला, मग ती एक्केचाळीसची यादी वाचली. चाळीस सेकंदांत नाही, चांगला अर्धा तास. मी शेजारी उभी. शेवटी म्हणाला, “हे आपल्या कामात बसत नाही, माहितीये ना?”

“हो.”

“आणि तू प्रोबेशनवर आहेस.”

“हो.”

“मग अर्जावर तुझं नाव कशाला घातलंयस? सरक.”

खुर्चीवर बसून त्याने माझं नाव पुसलं, स्वतःचं घातलं आणि तो अर्ज थेट त्या दुकानाच्या बंगळुरूच्या ऑफिसला पाठवला. मला म्हणाला, “आता जा, चहा पी.” एवढंच.

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. कदाचित दोघांनाही घरी पाठवतील. तुम्हाला लागत असेल तर मी त्या एक्केचाळीस अभिप्रायांची यादी काढून देते. ग्राहक न्यायालयात तुम्हाला उपयोग होईल.

माफी मागायला तोंड नाही. पण मागते. काकूंना हे पत्र वाचून दाखवा, किंवा नका दाखवू, तुम्ही ठरवा.

उत्कर्षा

*

विश्रांतवाडी
३० मार्च

चि. उत्कर्षा,
जयभीम.

तुझं पत्र आलं त्याला दहा दिवस झाले. पहिले तीन दिवस मी ते टेबलावर तसंच ठेवलं. राग आला होता, लपवत नाही. तू परत पाठवलंस याचा कमी. तू मैत्रीण रचलीस, आणि मी त्या मैत्रिणीला धन्यवाद दिले, याचा जास्त.

आधी कामाचं. ती यादी मला पाठवू नकोस. ते तुझ्या कंपनीचे कागद आहेत. मी निरीक्षक होतो, दुसऱ्याच्या कपाटात हात घालणारा नव्हतो. माझ्याकडे माझं हँडल आहे, माझा काटा आहे, माझी बायको आहे. ग्राहक कार्यालयात तेवढ्यावरच तक्रार दिली आहे, पावती मिळाली.

आता दुसरं. हे लिहायचं माझ्या मनात नव्हतं. काकू जेवताना म्हणाली, “पोरीला ते नऊ दिवसांचं लिहा.”

मी म्हणालो, “कशाला?”

“कारण ती तिकडे बसून समजत असेल की आपला काका म्हणजे धुतला तांदूळ.”

मी तुला लिहिलं होतं की खोट्या तराजूवर शिक्का मारला नाही. ते खरं नाही. सत्त्याण्णव साली एका साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या तोलायचा काटा तपासायला गेलो होतो. गाव लिहीत नाही. काटा कमी दाखवत होता, मला लगेच कळलं. साहेब मागे उभे होते. माझी पुण्याला बदली त्यांच्या सहीवर अडली होती, आणि काकूला पुण्यात दवाखान्यात दाखवायचं होतं. साहेब म्हणाले, “टेंभुर्णे, उशीर होतोय.” मी शिक्का मारला.

घरी येऊन काकूला सांगितलं. ती रोज डबा भरून द्यायची, पण बोलायची नाही. नवव्या दिवशी मी रजा टाकली, एसटीने तिथे गेलो, काटा पुन्हा तपासला आणि सील तोडलं. बदली दोन वर्षं लांबली. साहेब त्यानंतर मला नावाने हाक मारत नसत. पण त्या नऊ दिवसांत त्या काट्यावरून किती गाड्या गेल्या, ते मी कधी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

तेव्हा तुझ्यावर रागावायचा माझा हक्क तीन दिवसांचा होता, तो मी वापरला. तू निदान यादी उघडून मोजलीस.

आता चांगलं सांगतो. काल दुपारी काकूच्या मोबाइलवर निरोप आला. तिने तो एवढ्या मोठ्याने वाचला की मलाच काय, कांताबाईंनाही ऐकू गेला असेल. ‘आपण खरेदी केलेलं हँडल ओल्या पृष्ठभागावर सुटू शकतं. वापर ताबडतोब थांबवा, भिंतीवरून काढून टाका.’ मी लगेच ते पान शोधलं. पान नाही. तारे नाहीत, अकरा हजार खूश माणसं नाहीत, काही नाही. तो खुब्याच्या ऑपरेशनवाला मुलगाही हा निरोप वाचत असेल, असं काकू म्हणाली. मला एकदम खूप मोकळं वाटलं, पाठीवरून पोतं उतरवल्यासारखं. दुपारी झोपलो तो पाच वाजता उठलो.

काकूचं प्लास्टर निघालं. मनगट थोडं आखडलंय, चेंडू दाबायला दिलाय. न्हाणीघरात प्लंबर बोलावून, भिंतीला चार भोकं पाडून स्टीलचा दांडा बसवून घेतला. मी त्याला लटकून पाहिलं. आहे तिथेच आहे.

पुढच्या रविवारी जेवायला ये. बस बदलावी लागते, हे कारण चालणार नाही. अनिरुद्ध येत असेल तर त्यालाही आण. कमी बोलणारा माणूस आहे म्हणतेस, आमच्याकडे काकू ती कसर भरून काढेल.

तुझा
रंगराव काका

*

हिंजवडी
१२ एप्रिल

प्रिय काकाजी आणि काकू,

रविवारी तुमच्याकडून निघाले तेव्हा दारात काकूंनी माझा हात धरला, डाव्या हाताने. मुद्दामच धरला, मला कळलं. बस वाकडच्या पुलावर तासभर अडकली आणि मला पहिल्यांदाच त्याचं काही वाटलं नाही. खिडकीला डोकं टेकवून झोपले. इतक्या दिवसांत अशी झोप लागली नव्हती. कंडक्टरने उठवलं.

आईला सगळं सांगितलं, माझ्या कामाचंही. ती म्हणाली, “मले वाटलंच होतं, तू आयटी म्हणायची तेव्हा तोंड पाडून म्हणायची.” तिच्याही घरी दांडा बसला. गावातल्या लोहाराकडून करून घेतला, आता शेजारणी बघायला येतात.

आम्हाला कोणालाच काढलं नाही. उलट बंगळुरूहून फोन आला की ‘सुरक्षा’ची यादी रोज उघडायची, आणि त्यासाठी दोन माणसं द्यायची. अनिरुद्धने मला विचारलं. म्हणाला, “पगार तोच. चाळीस सेकंदांचं बंधन नाही. वाटलं तर कस्टमरला फोन करता येईल. विचार करून सांग.” मी विचार न करताच सांगितलं.

एक तारा देणाऱ्यांचे बाकीचे अभिप्राय अजूनही परत जातात, काकाजी. मिक्सर बंद पडला, चादरीचा रंग गेला, ते सगळं. ते माझ्या हातात नाही. मी अनिरुद्धला म्हटलं, हेही लिहून पाठवू या. तो म्हणाला, “एक एक.” पण ज्यात कोणाला लागलंय, भाजलंय, कोणी पडलंय, ते आता माझ्याकडे येतं आणि थांबतं.

सोमवारी पहिला दिवस होता. यादी उघडली. लातूरकडच्या एका बाईंनी लिहिलं होतं, बाळाच्या कापडी पाळण्याचा हुक उघडला, बाळ खाली गादीवर पडलं, बाळाला काही झालं नाही, पण हा पाळणा कोणी घेऊ नका. तीन वेळा लिहिलं होतं. तिन्ही वेळा परत गेलं होतं. मी त्यांना फोन लावला. दुकानाचं नाव सांगितलं, म्हटलं, तुमच्या पाळण्याच्या अभिप्रायाबद्दल बोलायचंय.

पलीकडे बाळ काहीतरी बडबडत होतं, चांगलं खणखणीत. मग त्यांनी विचारलं, “तुम्ही रेकॉर्डिंग आहात का माणूस?”

मी म्हटलं, “माणूस आहे ताई. उत्कर्षा टेंभुर्णे.”

“खरंच?”

“खरंच.”

“मग ऐका,” त्या म्हणाल्या, आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागल्या.

तुमची
उत्कर्षा